दोघी बहिणींची भिशी

मादाम क्यूरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती काळ्या पोशाखातली, प्रयोगशाळेत उभी असलेली प्रौढ बाई. रेडियमचा शोध आणि दोन नोबेल पारितोषिके ही हकीकत मुलांचा अभ्यास घेता घेता आपल्यालाही पाठ झाली आहे. मला मात्र त्यांच्या चरित्रातली पॅरिसमधली पहिली काही महिन्यांची गोष्ट अधिक जवळची वाटते. तेव्हा त्या मादाम नव्हत्या, क्यूरीही नव्हत्या.

१८९१ सालच्या नोव्हेंबरात मारिया स्क्लोडोव्स्का नावाची चोवीस वर्षांची पोलिश मुलगी पॅरिसला उतरली. वॉर्सा ते पॅरिस हा लांबचा प्रवास. जर्मनीतून जाताना तिने सर्वांत स्वस्त असा चौथा वर्ग पत्करला होता. त्या डब्यात बसायला बाके नसत, म्हणून घडीची खुर्ची बरोबर घ्यावी लागे. शिवाय फराळाचे, पांघरुणे, गादी, सारे घरूनच आणलेले. परक्या गावी नव्या वस्तू घ्यायच्या म्हणजे पैसे पडतात, हा हिशेब आपल्या बायकांना सांगायला नकोच.

हे पैसे आले कुठून, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वॉर्सावर त्या काळी रशियाच्या झारचा अंमल होता. शाळेत रशियन भाषेची सक्ती होती, आणि तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. मारिया दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली होती. वडील गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत, मिळकत बेताची. तेव्हा मारियाने आणि थोरल्या ब्रोन्याने आपसांत एक करार केला. आधी ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचे आणि मारियाने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे. मग ब्रोन्याने धाकटीला बोलावून घ्यायचे. आपल्या भिशीत पहिला हप्ता एकीला आणि पुढचा दुसरीला मिळतो, तसेच हे. फरक एवढाच की इथे मारियाची पाळी यायला जवळजवळ सहा वर्षे लागली.

त्यातली तीन-साडेतीन वर्षे ती खेड्यातल्या एका श्रीमंत कुटुंबात मुलांची शिक्षिका होऊन राहिली आणि पगारातला जवळजवळ अर्धा भाग बहिणीला पाठवीत गेली. त्या घरच्या थोरल्या मुलाचे आणि तिचे मन जुळले, पण घरात चाकरी करणारी मुलगी सून म्हणून आईवडिलांना चालेना. झाला अपमान गिळून ती तिथेच राहिली, कारण ब्रोन्याचे शिक्षण अर्ध्यावर होते. हा भाग वाचताना मी पुस्तक जरा मिटून ठेवले होते.

ब्रोन्याने मात्र शब्द पाळला. डॉक्टर काझिमीर द्लुस्की या पोलिश गृहस्थाशी तिचे लग्न झाले होते. पॅरिसच्या उत्तर भागातल्या त्यांच्या बिऱ्हाडी मारिया राहू लागली. तिथून विद्यापीठ, म्हणजे सोर्बोन, तासाभराच्या वाटेवर. घोड्यांच्या दुमजली बसमधून जायचे. वरच्या उघड्या मजल्यावर भाडे कमी आणि थंडी कडाक्याची, पण शहर दिसे ते तिथूनच. सेन नदी, तिच्यावरचे पूल, नोत्र दामचे मनोरे तिने प्रथम पाहिले ते असे. पण तिला सर्वांत नवल वाटले ते याचे, की लोक रस्त्यात आपापल्या भाषेत मोकळेपणी बोलतात आणि दुकानांत वाटेल ते पुस्तक उघड विकत मिळते. पारतंत्र्यातून आलेल्या माणसालाच असली नवलाई कळते.

सोर्बोनच्या कागदावर तिने मारियाचे फ्रेंच रूप ‘मारी’ लिहिले. तिथे गेल्यावर कळले की आपले फ्रेंच अपुरे आहे आणि गणितही कच्चे आहे. बहिणीच्या घरी संध्याकाळी मंडळी जमत, चहा होई, पियानो वाजे. घर प्रेमाचे होते, पण अभ्यास होईना. शिवाय रोजचे जाण्यायेण्याचे भाडे आणि दोन तास. अखेर १८९२ च्या वसंतात ती विद्यापीठाजवळ सहाव्या मजल्यावरच्या एका माळ्याच्या खोलीत राहायला गेली.

महिन्याला चाळीस रूबल, म्हणजे दिवसाला सुमारे तीन फ्रँक. त्यातच भाडे, जेवण, कपडे, पुस्तके आणि फी. कोळसा स्वतः सहा जिने चढून वर न्यायचा. हिवाळ्यात रात्री भांड्यातले पाणी गोठे, तेव्हा ट्रंकेतले सगळे कपडे ती पांघरुणावर रचून निजे. दिव्याचे तेल वाचावे म्हणून रात्री दहापर्यंत सेंत जनव्हिएव्हच्या वाचनालयात बसे; तिथे ऊबही फुकट आणि उजेडही. या वाचनालयासमोरच पांथेऑन आहे, जिथे फ्रान्स आपल्या थोर माणसांना चिरविश्रांती देतो.

एकदा मैत्रिणीसमोर तिला घेरी आली. डॉक्टर मेहुणे धावत आले. खोलीत चहाशिवाय खाण्याचे काही नाही! आदल्या संध्याकाळपासून बाईंनी मुळे आणि थोडी चेरीची फळे एवढेच खाल्ले होते. ब्रोन्याने घरी नेऊन आठवडाभर चांगले खाऊ घातले. या उपासमारीचे लेखक मंडळी फार कौतुक करतात. मला ते करवत नाही. पोरीने जेवायला हवे होते, आणि ब्रोन्या जे रागावली असेल ते योग्यच होते.

१८९३ मध्ये पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत ती पहिली आली, १८९४ मध्ये गणितात दुसरी. मध्यंतरी वॉर्साहून सहाशे रूबलची शिष्यवृत्ती मिळाली होती. पुढे पहिली कमाई हाती येताच तिने ती रक्कम परत केली. कोणी मागितली नव्हती. दुसऱ्या गरीब विद्यार्थ्याची पाळी अडू नये, एवढाच विचार.

पुढचे सर्वश्रुत आहे. १८९५ मध्ये पिएर क्यूरींशी विवाह झाला. लग्नाचा पोशाखही गडद निळा, पुढे प्रयोगशाळेत वापरता यावा म्हणून! १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियमचा शोध लागला. ईरेन लहान असताना तिला सांभाळायला सासरे होते, हेही लक्षात ठेवायला हवे. १९०३ मध्ये पतीसह पहिले नोबेल मिळाले. १९०६ मध्ये पिएर घोडागाडीखाली सापडून गेले, आणि त्याच वर्षी त्या सोर्बोनमध्ये त्यांच्या जागी शिकवू लागल्या. १९११ मध्ये दुसरे नोबेल आले.

१९३२ मध्ये वॉर्सात रेडियम संस्था उघडली. ती उभी करण्यासाठी ब्रोन्याने अपार खटपट केली होती, आणि तिच्यासाठी लागणारे एक ग्रॅम रेडियम अमेरिकेत जमवलेल्या वर्गणीतून मादाम क्यूरींनी मिळवले होते. उद्‌घाटनाला दोघी बहिणी हजर होत्या. दोन वर्षांनी, ४ जुलै १९३४ रोजी, मादाम क्यूरी वारल्या. पॅरिसजवळच्या सो गावी पिएरच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. पुढे १९९५ मध्ये दोघांनाही तिथून पांथेऑनमध्ये, त्या वाचनालयासमोर, नेण्यात आले. पण सो गावच्या त्या पहिल्या थडग्यात ब्रोन्याने आणि भावाने मूठमूठ माती टाकली होती. ती त्यांनी पोलंडहून आणली होती.