प्रबंधांच्या वाटेने इरावती कर्वे

ग्रंथकर्त्याचे चरित्र लिहिताना त्याच्या प्रकाशित पुस्तकांचा आधार घेण्याची आपल्याकडे रीत आहे. पदवीसाठी लिहिलेला प्रबंध सनावळीतील एका ओळीत उरकला जातो. इरावती कर्वे यांच्या बाबतीत या रीतीने अभ्यासाचे विशेष नुकसान झाले आहे. मराठी विभागांतून ‘युगान्त’वर आणि त्यांच्या ललित निबंधांवर पुष्कळ लिहिले गेले, परंतु १९२८ आणि १९३१ या दोन सालांचे त्यांचे प्रबंध वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीबाहेर राहिले. ते अप्राप्य होते म्हणून नव्हे, तर ते ज्या विषयाच्या कपाटात होते तेथे आपण गेलो नाही म्हणून. प्रस्तुत लेखात इरावतीबाईंचे जीवन या प्रबंधांच्या वाटेने पाहावयाचे आहे आणि त्या निमित्ताने प्रबंध शोधण्याच्या पद्धतीचाही विचार करावयाचा आहे.

१

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. तेथील इरावदी नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. वडील गणेश हरी करमरकर नोकरीनिमित्त ब्रह्मदेशात होते. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास पाठविण्यात आले व हुजूरपागेत त्यांचे शालेय शिक्षण झाले. तेथील मैत्रीण शकुंतला परांजपे यांच्यामुळे त्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कुटुंबात वाढल्या. ग्रंथ आणि वादविवाद यांनी भरलेल्या त्या घरात विचारस्वातंत्र्याची गोडी त्यांना लागली, असे मानण्यास जागा आहे.

फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळाल्याने त्यांना मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्ययन करता आले. तेथील समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला होता आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे प्रमुख होते. याच सुमारास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी इरावतीबाईंचा विवाह झाला. दिनकररावांनी जर्मनीत रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली होती.

घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली इरावतीबाईंनी १९२८ साली एम.ए.साठी प्रबंध सादर केला. विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे लेखिकेची स्वतःची जात. स्वतःच्या जातीकडे परक्याच्या नजरेने पाहण्याचा हा पहिला प्रयत्न होता. जातीची उत्पत्तिकथा, शरीरलक्षणे आणि चालीरीती यांची एकत्र छाननी करण्याची जी सवय पुढे त्यांच्या सर्व लेखनात दिसते, तिचा आरंभ येथे आहे.

२

पुढील अभ्यासासाठी जर्मनीस जाण्याचा निर्णय सोपा नव्हता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षी कर्वे यांनाही सुनेचे परदेशगमन मान्य नव्हते. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या. दालेम येथे १९२७ साली स्थापन झालेल्या मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठीच्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांनी काम केले. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हेच त्यांचे मार्गदर्शक होते. जर्मनांच्या आफ्रिकेतील वसाहतीत केलेल्या वंशसंकराच्या अभ्यासामुळे फिशर प्रसिद्धीस आले होते. पुढे १९३३ साली ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि त्यांच्या संस्थेने नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणांना शास्त्राचा मुलामा दिला.

इरावतीबाईंना मिळालेला विषय वरकरणी निरुपद्रवी होता. मानवी कवटीच्या डाव्या व उजव्या बाजूंत स्वभावतः जी विषमता असते तिचे मोजमाप करावयाचे होते. त्यामागील गृहीतक मात्र निरुपद्रवी नव्हते. कवटीची विशिष्ट विषमता युरोपीय वंशांत अधिक आढळेल आणि तिचा संबंध त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाशी जोडता येईल, अशी फिशर यांची अटकळ होती. संस्थेच्या संग्रहातील सुमारे दीडशे कवट्या इरावतीबाईंनी मोजल्या. त्यांत आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. त्या कोणत्या मार्गाने तेथे आल्या, हा प्रश्न आज अभ्यासकांना अस्वस्थ करतो. मोजमापातून जे निघाले ते त्यांनी तसेच मांडले: विषमता सर्वच कवट्यांत आढळते आणि तिचा वंशाशी नियत संबंध दाखविता येत नाही.

ज्याच्या स्वाक्षरीवर पदवी अवलंबून होती, त्याच्याच गृहीतकाला प्रबंधाचा निष्कर्ष प्रतिकूल होता. कर्ज काढून परदेशी आलेल्या विद्यार्थिनीने हा निष्कर्ष लिहिला, ही गोष्ट संशोधनाच्या नीतीचा पाठ म्हणून पदव्युत्तर वर्गात सांगण्याजोगी आहे. इरावतीबाईंना पदवी मिळाली आणि १९३१ साली प्रबंध जर्मन भाषेत छापला गेला.

३

या छपाईचे महत्त्व वेगळे आहे. जर्मन विद्यापीठांत डॉक्टरेटचा प्रबंध छापून त्याच्या ठरावीक प्रती विद्यापीठाला देण्याचा नियम होता. या प्रती ग्रंथालयांमध्ये देवघेवीने पोहोचत आणि त्यांची वार्षिक सूची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रसिद्ध होत असे. त्यामुळे महायुद्धातील विध्वंसानंतरही तो प्रबंध नोंदींतून पुसला गेला नाही. आपल्याकडे प्रबंधाच्या मोजक्या टंकलिखित प्रती तयार होत आणि त्यांतील एखादी विद्यापीठाच्या ग्रंथालयात राही. ज्याला तेथपर्यंत जाता येईल त्यालाच ती दिसे.

शोधणाऱ्याची दुसरी अडचण वर्गीकरणाची आहे. ड्यूई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकाखाली येते. मराठीचा अभ्यासक त्या फळीपाशी ‘युगान्त’ व ‘परिपूर्ती’ पाहतो आणि परततो. मुंबईचा प्रबंध समाजशास्त्रात, बर्लिनचा शरीरमानवशास्त्रात आणि नातेसंबंधांवरील लेखन मानवशास्त्रात. एकाच व्यक्तीचे विचार चार कपाटांत वाटले गेले आहेत. तिसरी अडचण नावाची. करमरकर आणि कर्वे ही दोन आडनावे आणि रोमन लिपीतील इरावती या नावाची निरनिराळी लेखने लक्षात घेतली नाहीत तर संगणकावरील सूचीही हाती काही लागू देत नाही. शीर्षक जर्मनमध्ये असल्यास मराठी किंवा इंग्रजी शब्दांनी केलेला शोध निष्फळच ठरतो.

४

जर्मनीहून परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाई श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजची पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुनर्रचना झाली आणि त्या तेथे रुजू झाल्या. अखेरपर्यंत तीच त्यांची कर्मभूमी होती. पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालविणारी प्राध्यापिका ही त्यांची प्रतिमा सर्वपरिचित आहे. परंतु त्यांचे खरे आयुष्य प्रवासात आणि मोजणीत गेले. हसमुख सांकलिया यांच्यासमवेत त्यांनी गुजरातेतील लांघणज येथील उत्खननात भाग घेतला. १९४७ साली भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र शाखेचे अध्यक्षपद त्यांना लाभले. वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनावरचा ग्रंथ त्यांनी १९५१ मध्ये सिद्ध केला.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने नोंदवली पाहिजे. बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्वाचे गृहीतक नाकारणाऱ्या इरावतीबाईंनी तेथील मोजमापाची साधने मात्र टाकून दिली नाहीत. डोक्याची लांबीरुंदी मोजून जातींचे संबंध ठरविण्याची पद्धत त्या पुढे कित्येक वर्षे वापरत राहिल्या. आजचे मानवशास्त्र या पद्धतीकडे संशयाने पाहते. परंतु त्या मोजमापांतून त्यांनी काढलेला निष्कर्ष पुन्हा रूढ मतास छेद देणारा होता. एकच व्यवसाय व एकच नाव असलेल्या पोटजाती एका मूळ जातीच्या फुटण्याने झाल्या, असे घुर्ये मानीत. इरावतीबाईंना कुंभारांसारख्या जातीतील गट परस्परांपासून मुळातच भिन्न वाटले. १९६१ सालच्या हिंदू समाजावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथात ही भूमिका सविस्तर आली आहे. दुसऱ्या गुरूशीही मतभेद झाला, तो पुराव्यावरूनच.

५

आता ‘युगान्त’कडे वळू. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या व १९६८ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळालेल्या या ग्रंथाची चर्चा व्यक्तिचित्रणाच्या अंगाने होते आणि ती योग्यही आहे. तथापि महाभारतातील माणसांकडे पाहण्याची ही दृष्टी अकस्मात आलेली नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले. तिचे प्रमुख संपादक वि. सी. सुकथनकर हेही बर्लिन विद्यापीठाचेच डॉक्टर होते. त्यांचा प्रबंध शाकटायनाच्या व्याकरणावर होता. आवृत्तीचे खंड निघू लागल्यावर त्यांतील नातेवाचक शब्द आणि कुटुंबरचना यांवर इरावतीबाईंनी डेक्कन कॉलेजच्या संशोधनपत्रिकेत लेख लिहिला. तत्पूर्वी ऋग्वेद व अथर्ववेदातील नातेवाचक शब्दांचा अभ्यास त्यांनी भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात मांडला होता. या सामग्रीतून १९५३ चा भारतातील नातेसंबंधांवरील ग्रंथ उभा राहिला.

कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे ‘युगान्त’मध्ये सासू, सून, विधवा, वारसाची आई या नात्यांतून पाहिले जाते. ही नाती लेखिकेने ललित लेखनापूर्वी वीस-पंचवीस वर्षे शब्दागणिक मोजली होती. पूज्य मानलेल्या व्यक्तीविषयी पुराव्यापेक्षा अधिक न बोलण्याचा तिचा बाणाही जुना आहे. बर्लिनच्या प्रबंधात तो पूर्णपणे दिसतो. म्हणून ‘युगान्त’चा अभ्यास करणाऱ्याने शरीरमानवशास्त्राच्या कपाटापर्यंत जाणे ही हौस नसून आवश्यकता आहे.

इरावतीबाईंचे अखेरच्या काळातील काम कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी हे होते. जाई निंबकर यांच्यासह लिहिलेला त्याचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘गंगाजल’ हा निबंधसंग्रह त्यानंतर, १९७२ मध्ये, निघाला.

६

प्रबंध शोधण्याची साधने आता पालटली आहेत. पूर्वी भारतीय विद्यापीठ संघाच्या सूची आणि त्याच्या साप्ताहिकातील प्रबंधांच्या याद्या चाळाव्या लागत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘शोधगंगा’ हा संग्रह सर्वांना खुला झाला. बारामतीच्या महाविद्यालयात शिकणारा, इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावातला विद्यार्थी ज्या प्रबंधासाठी एकेकाळी पुण्या-मुंबईस खेपा घालता, तो आता घरी बसून वाचू शकतो. हे मोठेच स्थित्यंतर होय.

परंतु साधन बदलले तरी शोधणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. संगणकावर न चढलेले जुने प्रबंध आजही फक्त ग्रंथालयातच सापडतात, आणि केवळ संगणकीय सूचीवर विसंबणेही धोक्याचे आहे. ब्रिटिश लायब्ररीची प्रबंधसूची ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर बंद पडली, तेव्हा याचा प्रत्यय जगभरच्या अभ्यासकांना आला. विषयाचा शिक्का बाजूस ठेवून व्यक्तीच्या सर्व नावांनी, सर्व भाषांतील शीर्षकांनी आणि मार्गदर्शकाच्या नावानेही शोध घेतला पाहिजे. नाही तर आधी होऊन गेलेले काम पुन्हा होते आणि जे खरोखर नवे असते ते अज्ञात राहते.

संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी इंदापूर तालुक्यातून पंढरीस जाते. इरावतीबाई स्वतः वारीत चालल्या आणि त्या अनुभवाच्या लेखाचे इंग्रजी रूपांतर १९६२ साली अमेरिकेतील आशियाविषयक संशोधनपत्रिकेत आले. पंढरीस जाणारे लोक ज्या भूमीत राहतात ती भूमी महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना तेथे गवसली. त्याच वाटेवर एका देवाचे नाव घेणाऱ्या दिंड्या जातीजातींनी वेगळ्या चालतात आणि वेगळ्या जेवतात, हेही त्यांना दिसले आणि त्यांनी ते व्यथित होऊन लिहिले. ज्ञानाच्या क्षेत्रातही आपल्या दिंड्या अशाच वेगळ्या चालल्या आहेत. इरावतीबाईंचे प्रबंध वाचण्यासाठी मराठीच्या अभ्यासकाने आपली दिंडी सोडून शेजारच्या दिंडीत जावे. त्यांच्या चरित्राचा अर्धा भाग तेथे आहे.