लाल रंगाच्या पलीकडची उष्णता

विमानतळावर ताप हुडकणारा कॅमेरा आपल्याला स्पर्श न करता पडद्यावर आपली रंगीत आकृती दाखवतो. या तंत्राचा उगम एका वादकाच्या प्रयोगात आहे.

विल्यम हर्शेल यांचा जन्म १७३८ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरचा. वडील लष्करी बँडमध्ये वादक होते. विल्यम १७५७ मध्ये इंग्लंडला गेले आणि पुढे बाथ शहरात ऑर्गन वाजवू लागले. दिवसा संगीताच्या शिकवण्या आणि रात्री आकाशनिरीक्षण, असा त्यांचा क्रम असे. दुर्बिणीचे आरसे ते स्वतः घासत. मध्येच हात थांबवता येत नसे, म्हणून बहीण कॅरोलिन त्यांना घास भरवत असे. १७८१ मध्ये त्यांनी युरेनस शोधला आणि राजाने त्यांना वार्षिक वेतन दिले.

१८०० मध्ये सूर्य पाहताना त्यांच्या लक्षात आले, की काही रंगीत काचांतून उजेड कमी येतो, पण डोळ्याला चटका जास्त बसतो. त्यांनी लोलकाने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि एकेका रंगात तापमापक ठेवला. तुलनेसाठी आणखी दोन तापमापक बाजूला ठेवले. जांभळ्यापेक्षा लाल रंगात पारा तिपटीहून अधिक चढला. लालच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे तो आणखी चढला. हेच अवरक्त किरण. १८२२ मध्ये हर्शेल यांचे निधन झाले.

आपले शरीरही असे किरण सतत बाहेर टाकते. थर्मल कॅमेरा तेच टिपतो, म्हणून त्याला मिट्ट काळोखातही माणूस दिसतो. रात्री पाहण्याची दुसरी दुर्बीण चांदण्याचा अंधूक उजेड वाढवून दाखवते. बंद तळघरात उजेडच नसेल, तर तिला वेगळा दिवा लागतो. थर्मल कॅमेऱ्याचीही अडचण आहे. उन्हाळ्यात भिंती अंगाइतक्याच तापल्या, की माणूस त्यांत मिसळून जातो.

शिवाय हा कॅमेरा कातडीचे तापमान मोजतो, शरीराच्या आतले नाही. उन्हातून आलेल्या निरोगी माणसाचे कपाळ तापलेले असते. घाम आलेल्या तापकऱ्याचे गार लागू शकते. म्हणून कॅमेऱ्याने सोडले, तरी अंग मोडून आले असेल, थंडी वाजत असेल, तर थर्मामीटर लावा आणि डॉक्टरांना दाखवा. हर्शेल यांनीही केवळ डोळ्यांवर विसंबून न राहता तापमापक लावूनच खात्री केली होती.