पोर्ट्रेट मोड नव्हता तेव्हा: ज्युलिया कॅमेरॉनकडून शिका पोझ
फोटो काढताना आपण समोरच्याला काय सांगतो? मान थोडी तिरकी कर, स्माइल दे, एक-दोन-तीन! मला पोझचा खरा अर्थ कळला तो ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्यामुळे. (आडनावात कॅमेरा आहे, पण तो निव्वळ योगायोग!)

त्यांचा जन्म १८१५ चा, कोलकात्याचा. पुढे त्या इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावर राहायला गेल्या. डिसेंबर १८६३ मध्ये लेक-जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. बाईंनी कोंबड्यांचं खुराडं रिकामं करून स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीत डार्करूम.

तेव्हा काचेवर रसायन लावायचं आणि ते ओलं असतानाच फोटो काढून धुवायचा. पहिल्या फोटोसाठी त्यांनी एका शेतकऱ्याला तासाचे पैसे देऊन बसवलं. फोटो आलाही, पण काचेवर हात फिरला आणि पुसला गेला! मग दोन मुलांना बसवलं, तर फोटो अर्ध्यावर असताना एक जण फिस्सकन हसलं. तोही गेला.

आता मला सर्वात आवडणारा भाग. जानेवारी १८६४ मध्ये त्यांनी अॅनी नावाच्या एकाच मुलीला बसवलं आणि तिला मनापासून समजावलं: तू हललीस तर माझी रसायनं आणि मेहनत वाया जाईल. अॅनी हलली नाही. हाच बाईंचा पहिला यशस्वी फोटो! हात कुठे ठेव, हनुवटी किती वर कर, यापेक्षा तिला विश्वासात घेणं कामी आलं.

१८६७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा फोटो काढताना बाईंनी त्यांना आधी केस धुवायला लावले, असं सांगतात. पांढरे केस पिंजारलेले, अंगाभोवती काळं कापड, मागे अंधार. नजर थेट चेहऱ्यावरच जाते.

बाईंचे फोटो जरा धूसर असायचे. तेव्हाच्या फोटोग्राफर मंडळींनी त्यावरून नावं ठेवली, पण १८६५ मध्येच लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने त्यांचे फोटो विकत घेतले. १८७५ मध्ये त्या सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेल्या आणि १८७९ मध्ये तिथेच वारल्या.

आपल्या फोनचा पोर्ट्रेट मोड मागचं दृश्य सॉफ्टवेअरने धूसर करतो. पण माणूस अवघडलेला असेल तर चेहऱ्यावर ते दिसतंच, तिथे मोड काही करू शकत नाही. म्हणून आज हे करून बघा:

• आजीला खिडकीशेजारी बसवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या.
• फ्लॅश बंद. खांद्यावर गडद शाल, मागे साधी भिंत.
• स्माइल मागू नका. फोटो कशासाठी काढताय ते सांगा आणि गप्पा मारा.
• ती बोलता बोलता थांबली, की क्लिक!