टिळकांच्या पश्चात लक्ष्मीबाई

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे ९ मे १९१९ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा लक्ष्मीबाई टिळक एकावन्नाव्या वर्षात होत्या. बालपणी लग्न होऊन सुरू झालेला सुमारे चाळीस वर्षांचा संसार संपला होता.

विरह त्यांना नवा नव्हता. टिळक न सांगता घर सोडून जात. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या साऱ्या ताटातुटींना परतीची वाट होती. या ताटातुटीला ती नव्हती.

टिळकांच्या हाती पैसा कधी टिकला नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरीही त्यांनी सोडली होती. त्यामुळे दुःख कवटाळून बसण्याची मुभा लक्ष्मीबाईंना मिळाली नाही. काही काळ त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहिली. नंतर मुलगा देवदत्त यांच्या कुटुंबाबरोबर त्या कराचीला राहिल्या.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य पहिल्या काही अध्यायांवरच थांबले होते. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांमुळे. जोडाक्षरे त्यांना अखेरपर्यंत अडत. तरीही पतीच्या अपुऱ्या काव्यात त्यांनी ६४ अध्यायांची भर घातली.

देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. त्यातूनच १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. गेलेल्या माणसाचे दोष झाकण्याची रीत लक्ष्मीबाईंनी पाळली नाही. टिळकांचा कोपिष्टपणा, विसराळूपणा, व्यवहारशून्यता आणि अपार माया हे सारे त्यांनी हसतखेळत मांडले. देव्हाऱ्यात बसविलेल्या टिळकांऐवजी घरात वावरणारे, भांडणारे, लळा लावणारे टिळक वाचकांना भेटले. पतीला विसरून नव्हे, तर रोज आठवून त्या सावरल्या.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. त्यांच्या आठवणी अपुऱ्याच राहिल्या होत्या. त्या देवदत्त यांनी पूर्ण केल्या. पतीचे अपुरे काम पत्नीने पुढे नेले, आईचे मुलाने. सतरा वर्षांच्या वैधव्यातील हे लेखन मराठी आत्मचरित्रांत आजही अग्रस्थानी मानले जाते.