हेलनच्या बाई

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. हेलन केलर हे नाव आपणां सर्वांना शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहे. परंतु मला लिहायचे आहे ते हेलनविषयी नव्हे, तर तिला शिकवणाऱ्या ॲन सलिव्हन यांच्याविषयी. हेलन त्यांना जन्मभर केवळ शिक्षिका याच नावाने हाक मारी. आपल्याकडे मुले शाळेत जशी बाई म्हणतात, तसेच ते.

हा विषय निवडण्याचे कारण घरचेच आहे. माझा धाकटा नातू साडेपाच वर्षांचा आहे. त्याला अजून बोलता येत नाही. गेल्या वर्षी आमच्या घरच्या हळदीकुंकवाला त्याने तिळगुळाचे तबक उधळले व एका भगिनीचे केस धरून ओढले, हे आपल्यापैकी काहीजणींनी पाहिलेच आहे. कोणी म्हणाले, लाडाने बिघडला. कोणी म्हणाले, दोन धपाटे घाला. खरे सांगायचे तर त्या दिवशी माझेही मत फारसे निराळे नव्हते. सून डोळे पुसत त्याला आत घेऊन गेली. त्यानंतर मी सलिव्हनबाईंचे चरित्र पुन्हा हाती घेतले, आणि लहानपणी जे नुसते नवल म्हणून वाचले होते, त्यात आमच्या घरापुरते किती शिकण्यासारखे आहे, हे ध्यानात आले.

ॲनचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फीडिंग हिल्स या खेड्यात झाला. आईबाप आयर्लंडहून पोटासाठी आलेले. घरात अठराविश्वे दारिद्र्य. पाचव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांना खुपऱ्या झाल्या आणि दृष्टी जवळजवळ गेली. आठव्या वर्षी आई क्षयाने वारली. १८७६ साली ॲन व तिचा धाकटा भाऊ जिमी यांना ट्यूक्सबरी येथील सरकारी दरिद्राश्रमात पाठवण्यात आले. रोगी, वृद्ध, वेडसर, निराधार, सारे तेथे एकाच छपराखाली. काही महिन्यांतच जिमी वारला आणि ॲन अगदी एकटी पडली. १८८० साली आश्रमाची पाहणी करण्यास काही मोठी माणसे आली, तेव्हा ही अर्धवट आंधळी पोर धडपडत त्यांच्यापुढे गेली व मला शाळेत जायचे आहे म्हणून तिने टाहो फोडला. त्या एका टाहोने तिचे आयुष्य पालटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बोस्टन येथील अंधांच्या पर्किन्स शाळेत तिचे नाव दाखल झाले.

चौदा वर्षांच्या या मुलीला तोवर स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. इतर मुली हसत. ही चिडे, उलट बोले, नियम मोडी. शाळेचे संचालक मायकेल ॲनाग्नोस यांनी तिला तिखट स्वभावावरून एक टोपणनावही दिले होते. शाळेतून काढून टाकण्याची वेळही आली. परंतु काही शिक्षिकांनी धीर धरला. डोळ्यांवर शस्त्रक्रिया होऊन वाचण्याइतके दिसू लागले, आणि १८८६ साली हीच ॲन वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. भगिनींनो, ज्या मुलीला सर्वांनी आडदांड ठरवले होते, तीच पुढे दुसऱ्या आडदांड मुलीचे मन ओळखू शकली, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

पर्किन्समध्येच लॉरा ब्रिजमन ही अंध व बधिर वृद्धा राहत असे. तिच्याशी बोलायचे म्हणजे तिच्या तळहातावर बोटांनी अक्षरे करायची. ही बोटांची लिपी ॲनने तेथेच शिकून घेतली.

इकडे दक्षिणेत अलाबामा राज्यात टस्कंबिया गावी केलर कुटुंबात १८८० च्या जूनमध्ये हेलन जन्मली होती. एकोणीस महिन्यांची असताना मोठे दुखणे आले व त्यात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेले. बोलणे अर्थातच थांबले. परंतु बुद्धी शाबूत होती. पाव हवा असला तर ती पाव कापून लोणी लावल्याचा अभिनय करी. आइस्क्रीम हवे असले तर थंडीने कुडकुडून दाखवी. स्वयंपाकिणीची मुलगी मार्था हिला या खुणा चांगल्या कळत. पण खुणांना मर्यादा होती. इतर माणसे तोंडाने काहीतरी करतात, हे तिने त्यांच्या ओठांना हात लावून ताडले होते. आपणही ओठ हलवून पाहावेत आणि काहीच घडू नये, असे झाले की ती लाथा झाडी, किंचाळे, थकून पडेपर्यंत थांबत नसे. आईला तिने एकदा कोठीघरात कोंडले. धाकट्या बहिणीचा पाळणा उलथून टाकला. आईबापांचे काळीज तुटे, म्हणून जे मागेल ते तिच्या हाती पडे. नातेवाइकांपैकी काहींना तर ही मुलगी कोठेतरी ठेवून द्यावी असेच वाटे.

३ मार्च १८८७ रोजी वीस वर्षांच्या सलिव्हनबाई त्या घरी येऊन पोचल्या. थोड्याच दिवसांत हेलनने त्यांना खोलीत कोंडून किल्ली लपवली. शेवटी वडिलांनी शिडी लावून त्यांना खिडकीतून खाली उतरवले. एका झटापटीत बाईंचा एक दातही पडला. परंतु सर्वांत मोठा प्रसंग घडला तो न्याहारीच्या टेबलावर. हेलन प्रत्येकाच्या ताटलीत हात घालून हवे ते उचलून खाई, व घरची माणसे गप्पा मारीत ते चालू देत. बाईंनी आपल्या ताटलीला हात लावू दिला नाही. हेलनने जमिनीवर लोळण घेतली. घरची मंडळी उठून गेली, बाईंनी दार लावून घेतले, आणि चमच्याने खाणे व रुमालाची घडी करणे या दोन गोष्टी होईपर्यंत बराच वेळ ती लढाई चालली. खोलीवर जाऊन बाई मनसोक्त रडल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. त्या दिवशी बाईंनी बळ वापरले. आजचे जाणते शिक्षक असे करण्यास सांगणार नाहीत, व कोणा आईने ते उचलू नये. बाईंच्या चरित्रातून घ्यायचे ते पुढचे.

बाईंच्या ध्यानात आले की दोष एकट्या मुलीचा नाही. एक माणूस नको म्हणतो, दुसरा देतो. रडले की मिळते, हे पोरीने अनुभवाने शिकून घेतले आहे. म्हणून वडिलांची संमती घेऊन त्या हेलनसह आवारातल्याच एका लहान घरात दोनेक आठवडे राहिल्या. ते घर ओळखू येऊ नये म्हणून सामान हलवले होते व हेलनला लांबून फिरवून तेथे आणले होते. आईवडील रोज येऊन हळूच पाहून जात. तेथे दिवसाचा क्रम ठरला: उठणे, जेवण, मण्यांची माळ, विणकाम, फिरणे. हळूहळू मुलगी निवळली. एकदा तर घरची कुत्री आली असता हेलन तिचा पंजा धरून बोटांची अक्षरे तिला शिकवू लागली!

घरी परत येताना बाईंनी आईवडिलांकडून वचन घेतले की मध्ये पडायचे नाही. पण पहिल्याच जेवणात हेलनने रुमाल जमिनीवर फेकला व टेबलाला लाथा मारल्या. बाईंनी ताटली दूर केली, तेव्हा वडिलांना राहवले नाही. माझ्या घरात लेकराला अन्नावाचून ठेवायचे नाही, असा त्यांनी हरकतीचा सूर लावला. आपल्या घरांतून हे वाक्य आजोबांच्या तोंडी किती वेळा येते! दुसऱ्या दिवशी बाई न्याहारीला आल्या तो हेलन आधीच बसलेली. रुमाल नेहमीप्रमाणे मानेमागे टाचलेला नव्हता. तिने तो आपल्या पद्धतीने हनुवटीखाली खोवला होता, व तो ती बाईंना दाखवीत होती. बाईंनी तो चालवून घेतला. मुलगी खूष झाली, आणि उठताना तिने बाईंचा हात थोपटला. मला या चरित्रातला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. मुलाने अर्धी वाट चालून यावे आणि मोठ्यांनी उरलेली अर्धी चालून जावी, हेच त्यात आहे.

५ एप्रिल १८८७ चा पाण्याच्या पंपाचा प्रसंग सर्वश्रुत आहे. एका हातावर गार पाण्याची धार, दुसऱ्या हातावर पाणी या शब्दाची अक्षरे. आणि प्रत्येक वस्तूला नाव असते, हे हेलनला एकाएकी उमगले. काही तासांत तिने तीसेक शब्द आत्मसात केले. पण त्याच दिवसाची दुसरी हकीकत फारशी कोणी सांगत नाही. सकाळी तिने रागाने आपली बाहुली आपटून फोडली होती व तिला काडीचेही वाईट वाटले नव्हते. पंपावरून परत आल्यावर तिने चाचपडत ते तुकडे शोधले, जोडण्याचा प्रयत्न केला, आणि तिला रडू आले. शब्द मिळाल्याबरोबर पश्चात्तापही आला.

पुढे बाईंनी वेळ लावून पाठ घेणे सोडून दिले. पंधरा महिन्यांचे नात्यातले एक मूल पाहून त्यांना सुचले की मुले शब्द पाठ करीत नाहीत, कानांवर पडणाऱ्या बोलण्यातून उचलतात. तेव्हापासून त्या हेलनच्या हातावर दिवसभर पुऱ्या वाक्यांत बोलू लागल्या. हे बोलणे जवळजवळ पन्नास वर्षे चालले. रॅडक्लिफ महाविद्यालयात व्याख्याने व बहुतेक पुस्तके बाईंच्या बोटांतून हेलनकडे गेली, आणि १९०४ साली हेलन पदवीधर झाली. बाईंचे स्वतःचे डोळे मात्र त्यात झिजले. १९०५ साली त्यांनी जॉन मेसी यांच्याशी विवाह केला, पण काही वर्षांनी ते विभक्त झाले. अखेरीस त्या पूर्ण अंध झाल्या, व २० ऑक्टोबर १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये फॉरेस्ट हिल्स येथे वारल्या. त्यांच्या अस्थी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये ठेवल्या आहेत. १९५५ साली हेलन केलर भारतात आल्या होत्या, तेव्हा बाईंना जाऊन एकोणीस वर्षे होत आली होती; पण ज्या बोटांनी त्या येथील लोकांशी बोलल्या, ती बाईंचीच देणगी होती.

बाईंना जे अनुभवाने कळले, ते पुढे शास्त्रानेही पडताळून पाहिले. १९८५ साली एडवर्ड कार व मार्क ड्युरंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, मूल त्रास देऊन जे मिळवू पाहते, तेच मागण्याची सोपी रीत त्याला शिकवली तर त्रास कमी होतो. मारणे-चावणे सुरू होण्यापूर्वी काय घडले, नंतर मुलाला काय मिळाले, हे नीट पाहावे. त्याच्या भोवतीची कारणे शक्य तितकी दूर करावीत. मागण्याची नवी रीत शिकवावी. ती वापरली की लगेच दाद द्यावी. आणि घरातल्या सर्वांनी एकच रीत पाळावी. याला आज सकारात्मक वर्तन-साहाय्य म्हणतात.

आमच्या घरी सुनेने वाणी-उपचार करणाऱ्या बाईंच्या सल्ल्याने एक वही घातली. महिनाभराच्या नोंदींवरून दिसले की नातू बिथरतो तो बहुधा घर माणसांनी भरले, भांडी वाजली, म्हणजेच. त्याला बाहेर जायचे असते, व केस ओढले की त्याला बाहेर नेले जाते! आता त्याच्या गळ्यात दाराचे चित्र असलेला लहान पुठ्ठा असतो. तो त्याने हाती दिला की कोणीही असो, हातातले काम टाकून त्याला गच्चीवर न्यायचे, असा घरात नियम आहे. पहिले काही आठवडे कठीण गेले. मी स्वतः दोनदा नियम मोडला व सुनेचे बोलणे खाल्ले. अजूनही वाईट दिवस येतात; पण पूर्वी रोज येत, आता क्वचित येतात. तो हेलनसारखा पदवीधर होईल की नाही, हा प्रश्न मी सोडून दिला आहे.

यंदाच्या हळदीकुंकवाला तो पुन्हा तेथे असेल. आपण सर्वजणींनी यावे. त्याने गळ्यातला पुठ्ठा आपल्या हाती दिला तर घाबरू नये, हसू नये. त्याचा हात धरून त्याला दारापर्यंत न्यावे. आणि आपल्या आळीत असे मूल असलेली दुसरी कोणी आई असेल, लोक काय म्हणतील म्हणून ती घराबाहेर पडत नसेल, तर तिलाही मुलासह आग्रहाने घेऊन यावे. मुलाला काय रुचते, काय सोसत नाही, एवढे तिला आधी विचारले म्हणजे पुरे.