पंचहौदातला चहा

निवडणूक जवळ आली की पुढारी गरिबाच्या ओसरीवर पत्रावळ पुढे घेऊन बसतात. छायाचित्रकार तेथे आधीच हजर असतो. पुढाऱ्याच्या पानात काय पडले याकडे लोकांचे लक्ष असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. लोकमान्य टिळकांना हा धडा चहाच्या एका पेल्याने दिला.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाच्या निमित्ताने जमली. न्यायमूर्ती रानडे होते, गोखले होते, चौतीस वर्षांचे टिळकही होते. शेवटी चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी मंडळींची नावे ‘पुणे वैभवा’त छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा, म्हणजे धर्म बुडालाच! चवथीच्या नेवऱ्या आणि नाताळचे दोदोल शेजारघरी पोचविणाऱ्या आमच्या गोव्याला त्यातील दाहकता आज उमगणे कठीण; पण ग्रामण्य म्हणजे घरच्या धर्मकृत्यांना भटजी मिळण्याची पंचाईत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. रानड्यांनी १८९२ मध्ये स्नेह्यांसाठी प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. सुधारकांना हा दुटप्पीपणा वाटला, सनातन्यांचेही पुरते समाधान झाले नाही. आमच्या मते तो भित्रेपणा नव्हता. चहाने धर्म बुडत नाही हे टिळक पुरते जाणून होते. परंतु ज्या समाजाला राजकारणात ओढावयाचे, त्याच्या पंक्तीतून उठून गेल्यास हाती काय राहणार, हा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब व्यवहाराचा होता, तत्त्वाचा नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. पुढे विरोधकांनी त्यांना तेल्यातांबोळ्यांचे पुढारी म्हणून हिणवले; ते त्यांनी भूषण म्हणून मिरविले.

१८९७ मध्ये राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झाली, तेव्हा तुरुंगातील कांदा-लसणाचे कालवण त्यांनी बाजूला सारले आणि कोरडी भाकर पाण्यात भिजवून दिवस काढले. येथे पाहावयास ना सनातनी होते, ना ‘पुणे वैभव’. सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले तेव्हा कॉलेजात वर्षभर मेहनत करून कमावलेले शरीर पार खंगले होते. मंडालेस तर मधुमेहाने पथ्य लादले. सातूच्या पिठाचे जिन्नस रांधून देण्यास एक ब्राह्मण कैदी होता. त्या अन्नावरच ‘गीतारहस्य’ लिहून झाले.