विश्लेषण : बॉयलरमधल्या तेलाच्या ज्योतीला वळण लावणारे शुखोव कोण होते?

बारवी धरणाचे पाणी अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या घराघरांत पोहोचते, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र हे धरण एमआयडीसीने बांधले ते मुख्यतः कारखान्यांसाठी. आज त्याची क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर आहे. जांभूळच्या केंद्रात शुद्ध झालेल्या या पाण्यातला काही भाग औद्योगिक वसाहतींतल्या बॉयलरमध्ये जाऊन वाफ होतो. त्या वाफेवर कापड रंगते, रसायने शिजतात, औषधे वाळतात. बॉयलरखालची आग कुठे गॅसची, कुठे ब्रिकेटची, तर कुठे फर्नेस ऑइलची. डांबराचा धाकटा भाऊ शोभावा असे हे काळे, घट्ट तेल सुरक्षितपणे जाळण्याची युक्ती ज्यांच्या नावाशी जोडली जाते, ते रशियन अभियंते व्लादिमीर शुखोव.

तेल जाळणे अवघड का होते?

शुखोव यांचा जन्म १८५३चा, कुर्स्क प्रांतातल्या ग्रायवोरोन गावचा. मॉस्कोच्या तंत्रशाळेत ते शिकत असताना बाकूच्या तेलविहिरींचा बोलबाला सुरू झाला होता. दिव्यासाठी केरोसीन हवे होते, म्हणून कच्च्या तेलातून केरोसीन काढले जाई. उरलेला अर्ध्याहून अधिक गाळ, म्हणजे माझुत, खड्ड्यांत ओतला जाई किंवा पेटवून दिला जाई. माझुत आणि आपले फर्नेस ऑइल एकाच जातकुळीचे.

असे तेल भांड्यात ओतून पेटवले तर धूर फार, उष्णता कमी. कारण तेल पृष्ठभागावरच जळते. एक मिलिमीटरचा एक थेंब फोडून दशांश मिलिमीटरचे थेंब केले, तर ते हजार होतात आणि हवेला लागणारा एकूण पृष्ठभाग दहापट वाढतो. विद्यार्थी असतानाच शुखोव यांनी वाफेच्या झोताने तेलाचा फवारा करणारी तोटी तयार केली. असे प्रयत्न त्यांच्याआधीही झाले होते. त्यांची तोटी साधी होती आणि भरवशाची. रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८९७ साली कारखानदारीवरच्या आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तिचे चित्र छापले. आवर्तसारणी मांडणाऱ्या माणसाने एका तोटीला दिलेला हा मान लहान नव्हता.

प्राध्यापकी का नाकारली?

१८७६ मध्ये शिक्षण संपल्यावर विद्यापीठात राहून गणित करण्याचा प्रस्ताव शुखोव यांच्यापुढे होता. त्यांनी तो घेतला नाही. त्याच वर्षी ते अमेरिकेत फिलाडेल्फियाचे प्रदर्शन पाहून आले. तिथे अभियंता अलेक्झांडर बारी यांची ओळख झाली. मायदेशी परतल्यावर काही काळ त्यांनी वैद्यकाचे वर्गही केले. पण प्रकृती ढासळली, डॉक्टरांनी उबदार हवेत जायला सांगितले आणि १८७८ मध्ये बारींच्या कामासाठी ते बाकूला पोहोचले. बारी-शुखोव ही जोडी पुढे अनेक वर्षे टिकली : धंदा बारींचा, डोके शुखोव यांचे.

त्याच वर्षी नोबेल बंधूंच्या कंपनीसाठी सुमारे दहा किलोमीटरची रशियातली पहिली तेलवाहिनी त्यांनी उभारली. पिंपे वाहणाऱ्या गाडीवानांना ती खपली नाही. पाठोपाठ तेलाच्या गोल टाक्या आल्या, १८९१ मध्ये जड तेल तापवून हलके करण्याच्या पद्धतीचे पेटंट आले, नव्या धर्तीचे जलनलिका बॉयलरही आले.

आजचा बर्नर कसा सुरू होतो?

शुखोव यांच्या तोटीत एक पेच होता. फवारा करायला वाफ हवी आणि थंड बॉयलरमध्ये वाफ नसते. आजही फर्नेस ऑइलचा बॉयलर थंड असताना अनेक ठिकाणी आधी डिझेलवर पेटवतात आणि मग जड तेलावर नेतात. फर्नेस ऑइल तोटीपाशी शंभर अंशांच्या आसपास तापवून पातळ करावे लागते. थंड राहिले तर फवाऱ्याऐवजी धारच पडते.

पेटवण्याआधी गेज ग्लासमध्ये पाण्याची पातळी बघायची. मग नुसता पंखा चालवून भट्टीतली हवा अनेक वेळा पूर्ण बदलायची. घाईत हीच पायरी कापली जाते, आणि सर्वांत महागही हीच पडते. आधीच्या प्रयत्नात न जळलेले तेल गरम विटांवर पडून त्याची वाफ झालेली असते. तिच्यावर ठिणगी पडली की भट्टीतच स्फोट होतो. हवा बदलल्यावर ठिणगी सुरू होते, तेलाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि काही सेकंदांत फोटोसेलला ज्योत दिसली नाही तर तेल आपोआप बंद होते. याला लॉकआउट म्हणतात. लॉकआउट झाल्यावर कारण न शोधता रीसेटचे बटण पुन्हा पुन्हा दाबणे म्हणजे भट्टीत दर वेळी आणखी तेल ओतणे.

नवा बर्नर बसवताना ही साखळी मुद्दाम तोडून तपासतात. चालत्या बर्नरच्या फोटोसेलवर हात धरायचा : ज्योत विझली पाहिजे. पाणी हळूहळू उतरवायचे : बर्नर थांबला पाहिजे. तेलाच्या नळ्या आधी धुऊन, गाळण्या साफ करून घ्यायच्या, नाहीतर वेल्डिंगचा कचरा तोटीत अडकून फवारा एका बाजूला जातो.

डोंबिवलीत मे २०२४ मध्ये एका रसायन कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा पहिल्या बातम्या बॉयलर फुटल्याच्या होत्या. नंतर तो रिॲक्टर असल्याचे समोर आले. बॉयलरचे नाव असे सहज तोंडी येते. प्रत्यक्षात त्यावर राज्याच्या बाष्पके संचालनालयाची नजर असते आणि तो चालवायला प्रमाणपत्रधारक माणूस लागतो.

मनोऱ्याच्या अपघातानंतर काय झाले?

१८९६ मध्ये निझनी नोव्हगोरोडच्या प्रदर्शनात शुखोव यांनी सरळ लोखंडी पट्ट्यांतून वक्र दिसणारा जाळीदार मनोरा उभारला. क्रांतीनंतर परदेशी न जाता ते मॉस्कोतच राहिले. शाबोलोव्का भागातला रेडिओ मनोरा त्यांना साडेतीनशे मीटरचा करायचा होता, पण यादवीच्या काळात तेवढे पोलाद मिळेना. तो सुमारे दीडशे मीटरवर आला. १९२१ मध्ये वरचा भाग चढवताना दोर तुटून तो कोसळला. चौकशीत शुखोव यांच्या रचनेत दोष आढळला नाही. तरीही काम पूर्ण होईपर्यंत मृत्युदंडाची टांगती तलवार त्यांच्यावर होती, असे सांगितले जाते. १९२२ मध्ये मनोरा पूर्ण झाला. तो अजून उभा आहे.

१९३९च्या हिवाळ्यात घरात एक पेटती मेणबत्ती शुखोव यांच्या अंगावर पडली. भाजलेल्या जखमांशी काही दिवस झुंजून २ फेब्रुवारीला, वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.